सोलोमन बर्कचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' : ओरडायची ताकद असून न ओरडणारा माणूस

म्हाताऱ्या गायकांचे कमबॅक अल्बम म्हटलं की मला आधी थोडी भीतीच वाटते. फॉर्म्युला ठरलेला असतो ना. विस्मरणात गेलेला एक मोठा गायक शोधायचा, त्याच्याशेजारी एक हुशार तरुण प्रोड्युसर बसवायचा, वाद्यं कमी करायची, आवाजातली खरखर मुद्दाम पुढे आणायची, चार नामांकित लोकांकडून गाणी मागवायची आणि मग समीक्षक मंडळी हात जोडून उभी राहतात. 1994 साली प्रोड्युसर रिक रुबिनने म्हाताऱ्या कंट्री गायक जॉनी कॅशबरोबर हे करून दाखवलं, ते खरंच भारी होतं, पण त्यानंतर जो उठला तो तेच करायला लागला आणि त्यातले कितीतरी अल्बम एकदा ऐकून आदराने बाजूला ठेवण्यापलीकडे गेलेच नाहीत.

2002 साली आलेला सोलोमन बर्कचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' कागदावर बघितला तर याच साच्यातला आहे. साठी ओलांडलेला सोल गायक (सोल म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं काळ्या अमेरिकनांचं संगीत), जो हेन्री नावाचा प्रोड्युसर, फॅट पॉसमसारखं मिसिसिपीतलं छोटं ब्लूज लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, आणि गाणी देणाऱ्यांची यादी तर अशी की वाचूनच दडपण यावं: बॉब डिलन, व्हॅन मॉरिसन, टॉम वेट्स, एल्व्हिस कॉस्टेलो, ब्रायन विल्सन, निक लो, डॅन पेन. तरीपण हा अल्बम मी अजूनही लावतो, आणि आदर म्हणून नाही, मजा येते म्हणून लावतो. असं का होतं ते जरा सविस्तर सांगायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी बुवा कोण ते सांगतो, कारण नाव नवीन असणारे बरेच असतील. 'डर्टी डान्सिंग' पाहिलाय? त्यातलं 'क्राय टू मी' आठवत असेल, तो आवाज याचा, मूळ रेकॉर्ड 1962 चं. 'एव्हरीबडी नीड्स समबडी टू लव्ह' हे गाणं रोलिंग स्टोन्सनी गायलं, मग 1980 च्या ब्लूज ब्रदर्सच्या पिक्चरमुळे जगभर गेलं, आणि निम्म्या लोकांना ते त्यांचंच वाटतं, पण 1964 ला ते पहिल्यांदा गायला तो बर्क. रेकॉर्डवर लेखक म्हणून बर्ट बर्न्स आणि जेरी वेक्सलर यांचीही नावं आहेत, बर्क मात्र कायम सांगायचा की गाणं माझं एकट्याचं आणि चर्चमधून आलेलं. खरंखोटं आता कोण ठरवणार.

माणूस मूळ फिलाडेल्फियाचा. लहानपणापासून चर्चमध्ये प्रवचन देणारा, 'वंडर बॉय प्रीचर' म्हणून ओळखला जाणारा. 1960 मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सकडे आला तेव्हा त्यांचा मोठा गायक रे चार्ल्स नुकताच ते लेबल सोडून गेला होता आणि कंपनीला गाणाऱ्या माणसाची नड होती. त्यानंतरची चारपाच वर्षं बर्कची. त्यातलं पहिलं मोठं हिट म्हणजे 1961 चं 'जस्ट आउट ऑफ रीच', आणि ते चक्क कंट्री गाणं होतं, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गोऱ्यांचं समजलं जाणारं! सोल संगीताचा पाया घालणाऱ्या माणसाचं पहिलं मोठं यश कंट्री गाण्यातून यावं हे मला फार आवडतं, कारण हे सोल-कंट्रीचे शिक्के दुकानदारांना लागतात, गाणाऱ्याला नाही. 1965 मध्ये 'गॉट टू गेट यू ऑफ माय माइंड' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. मग ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, विल्सन पिकेट हे सोल गायक आले आणि बर्क हळूहळू मागे पडला. अटलांटिकचा प्रोड्युसर वेक्सलर मात्र नंतरही म्हणायचा की सोलमधला सगळ्यात मोठा गायक हाच.

गाण्याबाहेरही माणूस अफाट. बिशप होता, अंत्यसंस्काराचा व्यवसाय होता, एकवीस मुलं होती, आणि स्टेजवर सिंहासन ठेवून त्यावर बसून गायचा. अपोलो थिएटरमध्ये कार्यक्रम करताना खाण्यापिण्याचे पदार्थ विकायचे हक्क करारात लिहून घेतले आणि मग स्वतःचा पॉपकॉर्न आणून विकला असा एक किस्सा सांगतात, तो थोडा तिखटमीठ लावलेला असला तरी ऐकायला झकास आहे. असा माणूस, ज्याचं सगळंच मोठं, शरीर मोठं, आवाज मोठा, थाट मोठा, तो या अल्बममध्ये काय करतो तर आवाज खाली घेतो.

सगळा खेळ इथे आहे.

पहिलंच गाणं लावा, टायटल ट्रॅक. डॅन पेन, कार्सन व्हिटसेट आणि हॉय लिंडसी यांनी लिहिलेलं. डॅन पेन म्हणजे 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' हे सोल गाणं लिहिणाऱ्यांपैकी एक, सोलच्या जगात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गीतकारांमध्ये हे नाव फार वरचं आहे. गाणं संथ, ऑर्गन मागे धुमसतोय, ड्रम जेमतेम, आणि बर्क जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो. माझं चुकतंय, पण मला सोडू नकोस, एवढाच मामला. या मजकुरावर विशीतला गायक असता तर दुसऱ्या कडव्यातच गुडघ्यावर बसून किंचाळला असता. बर्क तसं करत नाही. एखादी ओळ सुरू करतो, मध्येच श्वास घेतो, शब्द थोडा उशिरा टाकतो, ताल पुढे गेलाय आणि हा मागून आरामात येतोय, आणि मग अचानक एका जागी आवाज उघडतो, एकदाच, आणि परत झाकण लावतो. त्या एका जागेसाठी आधीची सगळी मिनिटं तो पैसे साठवल्यासारखा आवाज साठवत असतो, आणि आपल्याला माहिती असतं की याच्याकडे आहे, भरपूर आहे, तो फक्त देत नाहीये. हे न देणं हीच अल्बमची खरी गंमत. ज्याच्याकडे आवाजच उरलेला नाही त्याने हळू गाणं वेगळं आणि ज्याच्याकडे अख्खं चर्च हलवायची ताकद आहे त्याने हळू गाणं वेगळं.

आता रेकॉर्डिंगबद्दल, कारण ते समजलं की गाणी जास्त उघडतात. लॉस एंजेलिसमध्ये चार दिवसांत सगळं उरकलं. चार दिवस! आजकाल लोक एका गाण्याच्या ड्रमच्या साउंडला तेवढे घालवतात. सगळे वादक एकाच वेळी वाजवतायत, बर्क त्यांच्याबरोबर गातोय, आणि त्यात जे झालं ते झालं. जे बेलेरोझ ड्रमवर, डेव्हिड पिल्च बेसवर, क्रिस ब्रूस गिटारवर, डेव्हिड पामर पियानो-कीबोर्डला, आणि ऑर्गनवर रूडी कोपलँड, जो बर्कच्याच चर्चमधला अंध वादक. प्रोड्युसरने आपली टीम आणली पण ऑर्गनची जागा बुवांच्या माणसाला दिली, हे फार हुशारीचं काम झालं. कारण चर्चमधला ऑर्गनवाला कसा असतो, तो प्रवचन देणाऱ्याचा श्वास ओळखतो. पुढच्या वाक्यात हा चढणार की उतरणार हे त्याला आधीच कळतं. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी नुसती मान हलवली की पेटीवाला आणि मृदंगवाला कुठे उचलायचं ते ओळखतात, तसलाच प्रकार. हेडफोन लावून नीट ऐकलंत तर लक्षात येईल की कितीतरी ठिकाणी बर्कच्या ओळीचा शेवट ऑर्गन पूर्ण करतो, आणि हे कागदावर लिहून येत नाही.

बेलेरोझच्या ड्रम्सबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. सोल म्हटलं की आपल्या कानात एक खणखणीत स्नेअर वाजत असतो, दोन आणि चारवर ठाक ठाक. इथे तसं फार कमी आहे. हा माणूस ड्रमसेट सुतारकामाच्या सामानासारखा वापरतो, कुठे काहीतरी खुळखुळतं, कुठे चामड्यावर नुसती थाप, कुठे सिंबल घासल्यासारखी, आणि मध्ये मोकळ्या जागा सोडतो. त्या मोकळ्या जागेत बर्कचा आवाज बसतो. बुवांच्या आवाजाला जागा भरपूर लागते, मागे ब्रास सेक्शन आणि कोरस भरला असता तर सगळं चेंगरलं असतं. आणि खरं सांगू का, साठच्या दशकातल्या त्याच्या काही रेकॉर्डमध्ये ते चेंगरणं आहे, मागे बायकांचा कोरस गोड गोड आआ करतोय आणि हा त्यातून वाट काढतोय. गाणी अमर आहेत हे मान्य, पण आवाजाचा पोत इतक्या जवळून कुठेच मिळत नाही.

'फास्ट ट्रेन' व्हॅन मॉरिसनचं. स्वतः मॉरिसननेही ते त्याच वर्षी 'डाउन द रोड' या अल्बमवर गायलं, दोन्ही ऐकून बघा, तुलनेचा मस्त खेळ आहे. मॉरिसनचं चांगलंय, पण तो निवांत चालत गातो, गाणं एक चांगलं गाणं होऊन राहतं. बर्क तेच गाणं संथ करून वजन टाकून गातो आणि ती ट्रेन एकदम भलत्याच ठिकाणी जायला लागते. ज्यांनी 'द वायर' ही सिरीयल पाहिलीय त्यांना तिसऱ्या सीझनच्या शेवटी हेच गाणं वाजलेलं आठवत असेल, तिथे ते कोणी निवडलं त्याला मानलं पाहिजे. मॉरिसनचं दुसरं गाणं 'ओन्ली अ ड्रीम' पण आहे, ते ठीक आहे, अल्बमच्या मध्यावर थोडं झोपाळलेलं वाटतं, एवढंच.

'डायमंड इन युअर माइंड' टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन यांचं. वेट्सची गाणी म्हणजे विचित्र पात्रं, विचित्र तपशील, आणि गाणारा वेट्स नसला तर बऱ्याचदा ती पात्रं पुठ्ठ्याची वाटायला लागतात. इथे तसं झालं नाही. मला वाटतं प्रवचनकाराला विचित्र दृष्टांत सांगायची सवयच असते, आधी काहीतरी अगम्य गोष्ट सांगायची आणि मग त्यातून मुद्द्यावर यायचं. बर्क हे गाणं तसंच हाताळतो, कडव्यांमध्ये गोष्ट सांगतो आणि धृपदाला आला की उपदेश करतो, अगदी सहज. वेट्सच्या गाण्यातली तिरकस मजा थोडी कमी होते हे खरं, त्याबदल्यात एक उबदारपणा येतो. सौदा मला मान्य आहे.

'फ्लेश अँड ब्लड' प्रोड्युसर जो हेन्रीचं स्वतःचं गाणं. आता इतक्या मोठ्या नावांच्या यादीत प्रोड्युसरने आपलं गाणं घुसवलं की आपण जरा संशयानेच बघतो. पण हे निघालं अल्बममधल्या सगळ्यात चांगल्या दोनतीन गाण्यांपैकी एक! लांबलचक, जॅझच्या अंगाने जाणारं, रात्री उशिराचं गाणं. इथे बर्क आवाजाचे सगळे मजले वापरतो. खाली अगदी खर्जात, मग वर जाऊन पातळ फॉल्सेटो (नेहमीच्या पट्टीच्या वरचा हलका आवाज), आणि मधला प्रवास इतका गुळगुळीत की जिना दिसतच नाही. गायकी शिकणाऱ्या कोणालाही हे एक गाणं लूपवर ऐकायला द्यावं. आणि बेस ऐका, प्लीज मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, पिल्चचा बेस त्यात गायबच होतो आणि मग गाणं अर्धं उरतं.

आता ब्लूजचा मुद्दा. 2003 च्या ग्रॅमीमध्ये या अल्बमला 'बेस्ट कंटेम्पररी ब्लूज अल्बम' हा पुरस्कार मिळाला. बर्कचा हा पहिला ग्रॅमी, कारकीर्द सुरू होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाल्यावर. पुरस्कार मिळाला याचा आनंद आहे पण कॅटेगरी बघून हसू येतं, कारण यात शुद्ध ब्लूज म्हणावं असं गाणं जवळपास एकच आहे, 'स्टेपचाइल्ड', बॉब डिलनचं. बाकी सगळं सोल आहे, गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) आहे, थोडं कंट्री आहे. फरक काय म्हणाल तर फार शास्त्रात शिरत नाही, पण ढोबळमानाने ब्लूजमध्ये माणूस आपलं दुखणं आपल्यापुरतं मांडतो, एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो, मग त्याला उत्तर देतो, बारा बारच्या (एक बार म्हणजे साधारण चार मात्रांचा तुकडा) चक्रात फिरत राहतो, आणि चक्र सुटत नाही यातच त्याची मजा. सोलचा जन्म चर्चमधला, तिथे समोर लोक बसलेत, गाणाऱ्याने हाक मारायची आणि त्यांनी ओ द्यायची, आणि गाण्याने कुठेतरी वर जाऊन पोचायलाच पाहिजे. बर्क हा दुसऱ्या जातीचा. म्हणून 'स्टेपचाइल्ड'मध्ये तो ब्लूज गातो तेव्हापण त्यात एक खट्याळ राजेशाही थाट आहे. मला सावत्र पोरासारखं वागवतेस अशी तक्रार करणारा माणूस प्रत्यक्षात सिंहासनावर बसलेला आहे हे आवाजात कळतं, आणि त्यामुळे गाणं विनोदी होतं, चांगल्या अर्थाने. डॅनियल लॅन्वा यात गिटारवर पाहुणा आहे, मळकट, घाण, सुंदर गिटार. डिलनने हे गाणं 1978 च्या दौऱ्यात स्टेजवर म्हटलं होतं, त्यानंतर ते बर्कला मिळालं आणि त्यालाच शोभून दिसतं असं माझं स्पष्ट मत.

मग येतं 'नन ऑफ अस आर फ्री'. बॅरी मॅन, सिंथिया वाइल आणि ब्रेंडा रसेल यांचं. हे बर्कसाठी नव्याने लिहिलेलं नव्हतं, रे चार्ल्सने नव्वदच्या दशकात आधीच गायलेलं होतं, पण ते व्हर्जन त्या काळच्या चकाचक प्रॉडक्शनखाली दबलं. इथे बर्कच्या मागे ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा आहेत. हा गॉस्पेल गट 1939 पासूनचा, अलाबामातल्या अंध मुलांच्या शाळेत सुरू झालेला, आणि यांचे म्हातारे आवाज बर्कच्या म्हाताऱ्या आवाजाला जेव्हा उत्तर देतात तेव्हा खरंच अंगावर काटा येतो. बाकीच्या अल्बममध्ये साठवलेला आवाज इथे बुवा मोकळा सोडतात. आपल्यातला एक जरी बांधलेला असेल तर कोणीच मोकळं नाही, असा साधा सरळ अर्थ, असली गाणी पटकन पोस्टरवरच्या घोषणेसारखी होतात, मला सहसा झेपत नाहीत. पण इथे ताल असा जमिनीला धरून आहे, पाय आपटत चालल्यासारखा, आणि सगळे आवाज इतके खडबडीत की घोषणा वाटत नाही. वर्णभेदाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून गाणाऱ्या काळ्या कलाकारांनी ते शब्द म्हणणं आणि कुणी चकचकीत पॉपस्टारने म्हणणं यात फरक पडणारच ना. हे गाणं दहाव्या नंबरला ठेवलंय हेही बरोबर, आधी आलं असतं तर बाकीच्यांचं काही खरं नव्हतं.

सगळं काही गोडगोड नाहीये पण. एल्व्हिस कॉस्टेलो आणि केट ओ'रिओर्डन यांचं 'द जजमेंट' मला जमलेलं वाटत नाही. कोर्टाचं रूपक घेतलंय, प्रेमाचा खटला, आरोपी, निकाल वगैरे, आणि ते शेवटपर्यंत इतकं काटेकोर चालवलंय की बर्कला हलायला जागाच उरत नाही. कॉस्टेलोची चाल वळणावळणाची, शब्द जास्त, आणि बर्कसारख्या गायकाला शब्द कमी लागतात. एक साधी ओळ द्या, तो तिचे दहा अर्थ करेल, दहा हुशार ओळी दिल्यात तर तो त्या नुसत्या निभावतो. तरीपण गाण्याच्या उत्तरार्धात तो रूपकाला बाजूला सारून सरळ विनवणीवर येतो तेवढा भाग वाचतो. ब्रायन विल्सन आणि अँडी पेली यांचं 'सोल सर्चिंग' हे उलट टोकाला, गोड चाल, पन्नासच्या दशकातल्या जुन्या व्होकल ग्रुप गाण्यांची आठवण करून देणारी, ऐकताना छान वाटतं आणि संपलं की काही उरत नाही. बर्कने त्यात जीव ओतलाय पण गाण्याचं भांडंच उथळ.

निक लोचं 'द अदर साइड ऑफ द कॉइन' मात्र बरोब्बर बसलंय. निक लो ब्रिटिश, पण याला अमेरिकन कंट्री-सोल जितकं कळलंय तितकं बऱ्याच अमेरिकनांना कळलेलं नाही. छोटं, साधं, एकही शब्द फालतू नाही, आणि बर्क परत 1961 च्या त्या कंट्री हिटच्या घरी गेल्यासारखा गातो. शेवटचं 'सिट धिस वन आउट' पिक पर्नेलचं, ते निरोपाचं गाणं आहे, फार काही करत नाही, करायचं पण नसावं.

एक तक्रार अजून. मोठ्या गीतकारांची नावं हा या अल्बमचा जाहिरातीचा मुद्दा होता आणि अजूनही कुठेही याबद्दल वाचलंत तर पहिल्या ओळीत डिलन, वेट्स, मॉरिसन येतात, मी पण वर तेच केलंय म्हणा. त्यामुळे असा समज होतो की मोठ्या लोकांनी एका विसरलेल्या गायकाला हात दिला. मला हे उलटं दिसतं. ही गाणी त्या लोकांच्या कारकिर्दीतली पहिल्या रांगेतली नाहीत, बरीचशी दुसऱ्या रांगेतली आहेत, आणि त्यांना उभं केलंय ते बर्कने. अल्बममधलं माझ्या मते सगळ्यात उत्तम लिहिलेलं गाणं डॅन पेन आणि मंडळींचं, आणि ही नावं पोस्टरवर मोठ्या अक्षरात नसतात. सोलचं जग ज्यांनी आतून जगलंय त्यांनी लिहिलेलं आणि बाहेरून प्रेमाने बघणाऱ्यांनी लिहिलेलं, यातला फरक पहिलं गाणं ऐकून लगेच कळतो.

दुसरं, संथपणा. अकरापैकी बरीच गाणी एकाच चालीने, म्हणजे वेगाने, सरकतात. एका बैठकीत सगळा अल्बम ऐकताना मध्यावर थोडं जडत्व येतं, आणि साठच्या दशकातला नाचवणारा बर्क ज्यांना हवाय त्यांची निराशा होणार. स्टेजवर हा माणूस शेवटपर्यंत लोकांना नाचवत होता, बायकांना गुलाब वाटत होता, ती मस्ती इथे 'स्टेपचाइल्ड' सोडून फारशी नाही. जो हेन्रीला रात्रीचा मूड आवडतो, त्याच्या बहुतेक कामात तो असतोच, आणि इथे कधीकधी वाटतं की अजून एखादं गाणं दिवसाउजेडी रेकॉर्ड केलं असतं तर बरं झालं असतं.

साउंड म्हणाल तर फर्स्ट क्लास. आवाजावर फालतू इको नाही, माइक जवळ, श्वास ऐकू येतात, ओठांचे आवाज ऐकू येतात, खोली ऐकू येते. साधारण बऱ्या हेडफोनवर 'फ्लेश अँड ब्लड' लावा आणि व्हॉल्यूम थोडा वाढवा, रेकॉर्डिंग शांत आहे, आजच्या गाण्यांसारखं कानावर आदळत नाही, त्यामुळे प्लेलिस्टमध्ये मध्येच लावलं तर एकदम दबलेलं वाटेल. हा अल्बम प्लेलिस्टमध्ये टाकायचाच नाही, सलग ऐकायचा. फारच संथ वाटला तर गाण्यांच्या नंबरांप्रमाणे माझा क्रम घ्या: एक, दहा, चार, आठ, दोन, नऊ, आणि मग बाकीचं हवं तर.

कोणाला आवडेल? ज्यांना आवाज ऐकायला आवडतो त्यांना. गाण्याचे शब्द पूर्ण कळले नाहीत तरी चालेल, अमेरिकन उच्चार पकडता नाही आले तरी चालेल, हा माणूस एका अक्षरावर किती वेळ थांबतो आणि का थांबतो याकडे लक्ष दिलं तरी वसूल. ज्यांना गिटारचे लांब सोलो म्हणजेच ब्लूज वाटतो त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नका, सोलो शोधत बसाल.

यानंतर बर्कने सुसाट काम केलं. 2005 चा 'मेक डू विथ व्हॉट यू गॉट' डॉन वॉजने केला, तो जास्त रॉक अंगाचा आणि मला थोडा सपाट वाटतो. 2006 चा 'नॅशव्हिल' बडी मिलरने केला, त्यात अख्खा कंट्री बर्क आहे, एमिलू हॅरिस, डॉली पार्टन वगैरे सोबतीला, आणि या अल्बमनंतर ऐकायचा असेल तर तोच घ्या. 2010 चा 'नथिंग्ज इम्पॉसिबल' हा मेम्फिसच्या विली मिचेलबरोबरचा, सोल गायक अल ग्रीनचा साउंड घडवणारा तो मिचेल, आणि अल्बम बाजारात येण्याआधी मिचेल वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्क अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर वारला, तिथे कार्यक्रमासाठीच निघाला होता. जो हेन्रीची ही पद्धत आवडली तर त्याने 2005 मध्ये बेटी लव्हेटबरोबर केलेला 'आयव्ह गॉट माय ओन हेल टू रेझ' ऐका, तीपण साठच्या दशकातलीच, नशिबाने जास्तच छळलेली, आणि बर्कच्या अगदी उलट, ती काहीही साठवून ठेवत नाही, पहिल्या ओळीपासून अंगावर येते. आणि साठच्या दशकातला बर्क हवा असेल तर अटलांटिकच्या गाण्यांचा कुठलाही बरा संग्रह चालेल, फक्त त्यात 'जस्ट आउट ऑफ रीच' आणि 'क्राय टू मी' दोन्ही आहेत ना ते आधी बघून घ्या.